लिलावापासून बँकेपर्यंत: इव्हेंटवर चालणारा वर्कफ्लो कसा लिहायचा

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. आंबिया बहाराची संत्री आली की कामाला श्वास घ्यायला उसंत नसते. ढिगाचा लिलाव होतो, काट्यावर वजन होतं, हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाची चिठ्ठी, निघते, शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जातात, मग मोबाइलवर मेसेज. हे सगळं एकाच फंक्शनमध्ये एकाखाली एक लिहिता येतं. पण मध्येच सर्व्हर बंद पडला तर पुढे कुठून सुरू करायचं, हे त्या फंक्शनला ठाऊक नसतं. दिवाणजी तर नेमकं तेच विचारतात: "मॅडम, पट्टी निघाली, मग पैसे काहून नाही गेले?" याचं उत्तर डेटाबेसच्या एका ओळीत मिळालं पाहिजे. प्रत्येक ढिगासाठी एक ओळ ठेवा आणि तो कोणत्या पायरीवर आहे, शेवटची चूक काय आली, पुढचा प्रयत्न कधी होणार, हे तिच्यात लिहा.

एक पायरी पूर्ण झाली की तिची नोंद करायची आणि त्या नोंदीवरून पुढची पायरी सुरू व्हायची; ही नोंद म्हणजे इव्हेंट. इव्हेंटला घडून गेलेल्या गोष्टीचं नाव द्या: 'लिलाव झाला', 'वजन झालं', 'पट्टी निघाली'. 'पैसे पाठव' हा हुकूम झाला, इव्हेंट नव्हे. घडलेली गोष्ट नोंदवली की ती कोणी ऐकायची हे नंतर ठरवता येतं. उद्या मेसेजची पायरी वाढवायची झाली तरी लिलावाच्या कोडला हात लागत नाही.

पट्टीची नोंद आणि 'पट्टी निघाली' हा इव्हेंट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे दोन्ही नोंदी होतील किंवा एकही होणार नाही. इव्हेंटसाठी वेगळं टेबल ठेवा, त्याला आउटबॉक्स म्हणतात. वर्कर, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, त्यातून एकेक ओळ उचलतो आणि तिची पुढची पायरी करतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून 'स्किप लॉक्ड' (दुसऱ्यानं धरलेली ओळ सोडून पुढची घेण्याची सोय) आहे, त्यामुळे दोन वर्कर एकाच ओळीवर अडून बसत नाहीत. एका गाळ्याच्या कामाला एवढं भरपूर होतं; सुरुवातीलाच काफ्कासारखी इव्हेंट वाहून नेणारी मोठी यंत्रणा आणू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सर्वांत नाजूक जागा. असा इव्हेंट किमान एकदा पोहोचतो, म्हणजे कधी दोनदाही पोहोचतो. मेसेज दोनदा गेला तर चालेल, पैसे दोनदा गेले तर नाही. म्हणून पट्टी क्रमांक आणि पायरीचं नाव जोडून एक किल्ली बनवा आणि तिच्यावर युनिक बंधन घाला, म्हणजे तीच किल्ली दुसऱ्यांदा नोंदवता येणार नाही. एवढ्यानं भागत नाही. बँकेला विनंती गेली, पण उत्तर येण्याआधीच वर्कर मेला, तर पैसे गेले की नाही? त्यासाठी विनंतीआधीच संदर्भ क्रमांक डेटाबेसमध्ये लिहून ठेवा. वर्कर उठला की त्याच क्रमांकाची स्थिती आधी बँकेला विचारायची; पुन्हा पाठवायची वेळ आली तरी क्रमांक तोच. नवा क्रमांक काढला की बँकेच्या लेखी तो नवा व्यवहार. टाइमआउट (ठरलेल्या वेळेत उत्तर न येणं) म्हणजे नकार नव्हे, हे कोडमध्ये वेगळ्या स्थितीनं दिसू द्या: 'अनिश्चित'.

नेटवर्क गेलं असेल तर १, २, ४, ८ सेकंद असं अंतर वाढवत, थोडी यादृच्छिकता मिसळून पुन्हा प्रयत्न करा. आयएफएससी कोडच चुकीचा असेल तर हजार प्रयत्नांनीही काही होणार नाही. ती ओळ बाजूला काढून दिवाणजींच्या पडद्यावर दाखवा.

पट्टीत वजन चुकलं असेल तर जुनी ओळ पुसू नका, उलटी नोंद टाका. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये 'सागा' या नावानं हीच पद्धत मांडली: लांबलचक व्यवहाराचे छोटे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला त्याची भरपाई करणारी पायरी द्या. गेलेले पैसे मात्र उलट्या नोंदीनं परत येत नाहीत. म्हणून सगळी पडताळणी पैशांच्या पायरीआधी उरका.

चाचणी घेताना प्रत्येक पायरीनंतर, आणि बँकेच्या विनंतीच्या ऐन मधोमधही, वर्कर मुद्दाम मारा. पुन्हा सुरू करा आणि चाचणीच्या बँकेत मोजा: एका पट्टीमागे एकच व्यवहार दिसला पाहिजे.