घरच्या ध्वनिमुद्रणासाठी पहिले सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

भजन, नमन किंवा गणपतीच्या आरत्या घरीच ध्वनिमुद्रित करू इच्छिणाऱ्या कोकणातील मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘दादा, स्वस्तातले चांगले सॉफ्टवेअर कोणते?’ या निवडीत पैशांपेक्षा हंगाम अधिक वाया जातो, असा माझा अनुभव आहे. सॉफ्टवेअर उतरवणे, ते न जमल्यामुळे काढून टाकणे, मग दुसरे उतरवणे यात चतुर्थी संपते, चाकरमानी मुंबईला परततात आणि बुवांचा आवाज टिपायचा राहून जातो.

नाव आधी, काम नंतर

सर्वांत मोठी चूक हीच आहे. या सॉफ्टवेअरकडून दोन निरनिराळी कामे करून घेतली जातात. गायकाचा आवाज, पेटी, पखवाज आणि झांज मायक्रोफोनद्वारे वेगवेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे प्रत्येक आवाजाच्या स्वतंत्र पट्टीवर, उतरवून घेणे हे एक काम. आणि संगणकातलीच वाद्ये, तयार ठेके व मिडी की-बोर्ड (संगणकाला जोडून त्यातील वाद्ये वाजवण्याच्या पट्ट्या) वापरून सबंध गाणे रचणे हे दुसरे. ज्या मित्राने कोळीगीतांचे डीजे-मिश्रण केले आहे, त्याचा सल्ला प्रामाणिक असला तरी तो दुसऱ्या कामाचा असतो, आणि भजनी मंडळाला गरज असते पहिल्याची.

एलएमएमएस हे विनामूल्य सॉफ्टवेअर ठेके आणि सुरावटी रचण्यासाठी उत्तम आहे, परंतु त्याच्या प्रचलित स्थिर आवृत्तीत मायक्रोफोनवरून ध्वनिमुद्रण करण्याची सोयच नाही. एफएल स्टुडिओच्या सर्वांत स्वस्त ‘फ्रूटी’ आवृत्तीतही ध्वनिमुद्रणाची सोय मिळत नाही. त्यासाठी वरची ‘प्रोड्यूसर’ आवृत्ती घ्यावी लागते. ऑडॅसिटीचे नेमके उलट आहे : आवाज टिपणे, कापणे आणि स्वच्छ करणे त्यात सहज जमते, पण संगणकातील वाद्यांनी गाणे रचायचे असेल तर ते अपुरे पडते. दोन्ही कामे करायची असतील तर रीपर किंवा वेव्हफॉर्म फ्री पाहावे, आणि घरात मॅक वा आयपॅड असेल तर त्यावर विनामूल्य मिळणारे गॅरेजबँड सोडून दुसरीकडे शोधत फिरू नये.

‘फुकट’ या शब्दाचा अर्थ नीट वाचा

एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती काम साठवू देते, पण साठवलेला प्रकल्प परवाना घेतल्याशिवाय पुन्हा उघडू देत नाही. रात्रभर खपून सकाळी हे कळणे फार वाईट. प्रो टूल्स इंट्रो विनामूल्य आहे, मात्र त्यात ध्वनीचे आठच ट्रॅक मिळतात. बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाच्या दोन्ही पुड्यांना दोन, झांजेला एक आणि कोरसला दोन असे सात ट्रॅक लगेच भरतात, आणि बुवांनी एखादा अंतरा पुन्हा गाऊन दिला तर तो ठेवायला एकच ट्रॅक उरतो. रीपर 60 दिवस कोणतीही सोय न अडवता वापरता येते आणि त्यानंतरचा वैयक्तिक परवाना 60 डॉलरना मिळतो. हौशी मंडळाला मी आज तरी हेच सुचवतो, कारण ते जुन्या लॅपटॉपवरही हलके चालते. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी पेटी, विकत घेणार असाल, तर त्याच्याबरोबर कोणत्या सॉफ्टवेअरची लहान आवृत्ती मिळते हे खोक्यावर वाचूनच वेगळा खर्च करावा.

चोरून फोडलेली प्रत ‘देतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिच्यासोबत व्हायरस येण्याचा धोका असतो आणि अद्ययावत आवृत्ती मिळत नाही; इतके चांगले विनामूल्य पर्याय असताना त्या वाटेला जाण्याचे कारणच उरत नाही. ब्राउझरमध्ये चालणारी साधने सोपी असली तरी पावसाळ्यात ज्या वाडीत दोन-दोन दिवस रेंज नसते, तिथे त्यांवर विसंबू नये.

मेट्रोनोमच्या चौकटीत भजन कोंबणे

याविषयी मला अधिक आस्थेने लिहावेसे वाटते, कारण येथे सॉफ्टवेअरचा दोष नसतानाही संगीताची हानी होते. मेट्रोनोम म्हणजे ठरलेल्या लयीत खटखट ठोके देणारी सोय. बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच मिनिटाला 120 ठोके आणि चार मात्रांचा ताल गृहीत धरते, आणि पडद्यावर त्या मात्रांच्या उभ्या रेषा आखते. आपले भजन असे चालत नाही. अभंग संथ लयीत सुरू होतो, पखवाजवादक बुवांचा श्वास पाहून लय धरतो आणि गजरापर्यंत ती कितीतरी वाढलेली असते. नवशिक्या मुलगा खटखट आवाज कानात घालून मंडळाला एकाच लयीत बांधतो किंवा नंतर पखवाजाचे बोल यंत्राच्या रेषांवर सरकवतो, आणि मग ‘भजन मेल्यासारखे का वाटते?’ असे विचारतो. मंडळी एकत्र बसून गात असतील तर मेट्रोनोम बंद ठेवावा आणि रेषांकडे दुर्लक्ष करावे. ट्रॅक एकेक करून भरायचेच असतील तर तालाची मात्रासंख्या आधी बदलावी : रूपकासाठी सात, झपतालासाठी दहा.

सुराचेही तसेच आहे. पेटी काळी एकला, म्हणजे सी शार्पला लावली आहे असे आपण म्हणतो, पण गावातील जुनी पेटी यंत्राच्या त्या सुरापेक्षा थोडी चढी किंवा उतरी असते. तिच्या जोडीला सॉफ्टवेअरमधील बासरी किंवा तानपुरा घेतला की दोन्ही भांडू लागतात. अशा वेळी ट्यूनरवर पेटीचा सूर तपासून सॉफ्टवेअरमधील वाद्याचा सूर सूक्ष्म प्रमाणात सरकवावा. गायकाचा सूर आपोआप ‘सुधारणारे’ साधन बुवांच्या मींडेला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याला, पायऱ्या पाडते. मी तरी ते गाण्यावर वापरत नाही.

सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी हे तपासा

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो, ही सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे. त्याचे कारण बहुधा बफर, म्हणजे संगणक आवाजाचे जेवढे नमुने एका वेळी साठवून मग पुढे पाठवतो तो साठा, हे असते. सेकंदाला 44,100 नमुने घेताना 1024 नमुन्यांचा बफर सुमारे 23 मिलिसेकंदांचा विलंब करतो, तर 128 नमुन्यांचा केवळ 3 मिलिसेकंदांचा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी बफर लहान ठेवावा, मिश्रण करताना वाढवावा, आणि लहान बफरवर आवाज तडतडू लागला तर तो एक पायरी वाढवावा. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर (कमी विलंबाने आवाज पोहोचवणारा जोड-प्रोग्रॅम) निवडला आहे ना, हेही पाहावे. ब्लूटूथ हेडफोनचा विलंब कोणत्याही सेटिंगने पुरता जात नाही. येथे तारेचाच हेडफोन हवा.

सतत गुणगुण ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या बाजूला आहे असे समजून वायरमनला बोलवावे. पखवाजाच्या थापेला आवाज फाटत असेल तर इंटरफेसवरील पातळी इतकी उतरवावी की, जोरातली थापही सॉफ्टवेअरच्या मापकावर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील. 24 बिटमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधील त्या अधिक बारकाव्याच्या दर्जात, टिपत असाल तर नंतर आवाज वाढवताना काही बिघडत नाही, पण फाटलेली थाप दुरुस्त होत नाही. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना मात्र कोणतेही सॉफ्टवेअर कामाचे नाही. तेव्हा माजघरात बसावे आणि तोंडाजवळ धरलेला डायनॅमिक माइक वापरावा.

जागेचा हिशेबही आधी करावा. 24 बिटमध्ये एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे 8 एमबी लागतात, म्हणजे दोन तासांच्या डबलबारीचे (दोन बुवांच्या भजनी सामन्याचे) सात ट्रॅक जवळजवळ 6.7 जीबी होतात. वीज जाणारच हे धरून लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी आणि आपोआप साठवण्याची सोय पहिल्याच दिवशी सुरू करावी.

एक चूक मी स्वतः केली आहे. एका मंडळाचे काम पेनड्राइव्हवर नेताना मी फक्त प्रकल्पाची फाइल नेली; तिच्यात कोणता तुकडा कुठे आहे एवढीच नोंद असते, प्रत्यक्ष आवाज शेजारच्या फाइलींत असतो. घरचा लॅपटॉप त्याच आठवड्यात बंद पडला आणि ते भजन गेले. तेव्हापासून मी संपूर्ण फोल्डर दोन ठिकाणी ठेवतो आणि प्रत्येक ट्रॅक आरंभापासून शेवटपर्यंत वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढतो, म्हणजे पुढे सॉफ्टवेअर बदलले तरी त्या फाइली कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक लावून उघडता येतात.