सहकुटुंब पाहिलेल्या अ‍ॅनिमेशनपटावर वाद कसा घालावा

मुलांसोबत पाहिलेला अ‍ॅनिमेशनपट संपला की त्यावरची चर्चा बहुधा दोनच वाक्यांत अडकते. एक जण म्हणतो की यातून मुलांपर्यंत चुकीचा संदेश जातो, आणि दुसरा म्हणतो की लहान मुलांच्या सिनेमाचा एवढा काय विचार करायचा. ही दोन्ही विधाने वादाला तोंड फुटण्याआधीच त्याचे दार लावून घेतात. पहिल्या विधानाला पुरावा जोडलेला नसतो आणि दुसऱ्याला पुरावा नकोच असतो. वाद रंगावा आणि त्यातून काही हाती लागावे असे वाटत असेल, तर थोडी पूर्वतयारी हवी.

सर्वांत आधी वाद नेमका कशावर आहे ते ठरवून घ्यावे. चित्रपट चांगला बनला आहे का, तो जे सांगतो ते पटण्यासारखे आहे का, आणि तो अमुक वयाच्या मुलाला दाखवावा का, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. सुरेख बनवलेल्या चित्रपटाची शिकवण खटकू शकते, आणि शिकवण निर्दोष असलेला चित्रपट कमालीचा कंटाळवाणा असू शकतो. एक जण पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत असताना दुसरा तिसऱ्यावर हरकत घेत राहिला, तर शब्दाने शब्द वाढतो आणि मुद्दा बाजूलाच राहतो. सर्वांनी एकाच भाषेतील आवृत्ती पाहिली आहे का, हेही विचारून घ्यावे, कारण डबिंगमध्ये विनोद आणि कधी कधी संवादाचा रोखही बदलतो.

संदेश शोधताना बहुतेकांची फसगत संवादांपाशी होते. शेवटाकडे एखादे वडीलधारे पात्र जे सुभाषितवजा वाक्य बोलते, तेच चित्रपटाचे सांगणे आहे असे धरले जाते. माझ्या मते संवादांवर फार विसंबू नये. कथानक कोणाला किंमत मोजायला लावते, कोणाला बक्षीस देते आणि संकटातून सुटका नेमकी कशामुळे होते, हे तपासावे. 'फाइंडिंग निमो' (2003) या चित्रपटावर नेहमी होणारा वाद या कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे. वडिलांनी सर्वांसमोर रागावल्यामुळे चिडलेला निमो हा छोटा मासा त्यांचे न ऐकता होडीपर्यंत पोहत जातो आणि पाणबुड्याच्या हाती सापडतो. इथपर्यंतच पाहिले तर आईवडिलांचे ऐकले नाही की असेच होते, हा जुनाच बोध दिसतो, आणि काही प्रेक्षक तोच घेऊन घरी जातात. पण शेवटी निमोच्या शोधात वडिलांना साथ देणारी डोरी ही मासोळी मासेमारीच्या जाळ्यात अडकते तेव्हा काय घडते ते पाहावे. सर्व माशांनी मिळून खाली जोर लावायचा, ही युक्ती निमोला सुचते. ती त्याने वडिलांकडून घेतलेली नसते. तो दूर काचेच्या टाकीत असताना तिथल्या माशांच्या साथीने त्याला तिचा अनुभव आलेला असतो. मार्लिन, म्हणजे निमोचा बाप, आधी त्याला जाऊ द्यायला तयार होत नाही, मग मन घट्ट करून वाट मोकळी करतो, आणि त्यानंतरच जाळे तुटते. घराबाहेर मिळालेले शहाणपण सुटकेला कारणीभूत ठरते, असा दावा येथे प्रसंगावर बोट ठेवून करता येतो. उलट बाजूच्या माणसालाही हा मार्ग मोकळा आहे: पहिल्या प्रसंगात निमोने भोगलेली भीती शेवटच्या सुटकेने पुसली जाते का, असे तो विचारू शकतो आणि वाद पुढे सरकतो.

दुसरी उपयोगी कसोटी हशाची आहे. चित्रपट आपल्याला कोणावर हसायला लावतो? 'वॉल-ई' (2008) मध्ये माणसे शतकानुशतके अंतराळयानात राहून, तरंगत्या खुर्च्यांत बसून, स्थूल झालेली दाखवली आहेत. काही प्रेक्षकांना ही स्थूल देहाची कुचेष्टा वाटते, तर काहींना आयत्या सुखसोयींवरची टीका वाटते. दुसऱ्या बाजूकडे सबळ आधार आहे, कारण दीर्घकाळ कमी गुरुत्वाकर्षणात राहिल्याने हाडांची झीज होते असे कारण चित्रपटातच येते, म्हणजे दोष त्या माणसांच्या आळसापुरता ठेवलेला नाही. शिवाय यानाचा कप्तान स्वतःच्या पायांवर उभा राहतो तो क्षण भव्य संगीताने उचलून धरला आहे. तरीही यान कलल्यावर घरंगळणारी शरीरे हशासाठीच वापरली आहेत, ही पहिल्या बाजूची तक्रार मला रास्त वाटते. चित्रपटाची भूमिका सहानुभूतीची आणि विनोद मात्र सवयीचा, असे एकाच वेळी असू शकते. वादात हे मान्य करायला लोक फार कचरतात.

गुणवत्तेविषयी बोलताना 'ग्राफिक्स छान आहेत' हे वाक्य टाळावे. त्यातून काहीच कळत नाही. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो, आणि अ‍ॅनिमेशनमध्ये त्या चौकटीत चुकून काही शिरत नाही. वाऱ्याने हलणारे गवतही कोणीतरी हलवायचे ठरवलेले असते. म्हणून 'हे असेच का ठेवले?' हा प्रश्न प्रत्येक तपशिलाबाबत विचारता येतो. 'बॅम्बी' (1942) मध्ये आईचा मृत्यू पडद्यावर दिसतच नाही. बंदुकीचा आवाज येतो, पाडस पुढे धावत राहते, मग बर्फात आईला शोधत फिरते. शिकारीही दिसत नाही. हा प्रसंग लहान मुलांसाठी क्रूर आहे, असे म्हणणाऱ्याने आणि त्यातला संयम वाखाणणाऱ्यानेही न दाखवण्याच्या याच निर्णयावर बोलले पाहिजे, कारण भीती वाढते ती त्यामुळेच आणि रक्तपात टळतो तोही त्यामुळेच. तंत्राचे मोजमाप मात्र त्या त्या काळाच्या मापाने करावे. 'टॉय स्टोरी' (1995) हा संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होता. त्यातली माणसे आज ओबडधोबड वाटतात, पण प्लास्टिकची खेळणी अजूनही खटकत नाहीत. जमेल त्या तंत्राला साजेसा विषय निवडणे ही गुणवत्ताच म्हटली पाहिजे. तिकीटबारीवरची कमाई आणि पुरस्कार यांचा हवाला देऊन काहीही सिद्ध होत नाही.

मुले चर्चेत असतील तर 'यातून काय शिकलास?' असे विचारू नये. तो परीक्षेतला प्रश्न आहे आणि त्याला परीक्षेतलेच उत्तर मिळते. कोणाचे वागणे पटले नाही, कुठे भीती वाटली, कोणाची बाजू कोणीच घेतली नाही, असे विचारले की मूल थेट प्रसंगाकडे जाते. मोठ्यांनी न टिपलेले एखादे कोपऱ्यातले पात्र त्याला आठवते, आणि कित्येकदा त्या एका निरीक्षणाने मोठ्यांचा सिद्धान्त डळमळतो. त्याचे उत्तर ऐकून घ्यावे. लगेच त्यात तात्पर्य भरू नये.

प्रतिपक्षाच्या बाबतीत दोन पथ्ये पाळावीत. त्याचे म्हणणे आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखवावे. आणि निर्मात्यांच्या मनातल्या हेतूंवर आरोप करण्याचा मोह आवरावा. असे चित्रपट शेकडो माणसे वर्षानुवर्षे काम करून घडवतात. त्यांच्या मनात काय होते याविषयीचे तर्क सिद्ध होत नाहीत आणि खोडूनही काढता येत नाहीत. चित्रपटात काय दिसते, एवढेच बोलावे. प्रत्येक गाण्यात आणि रंगात छुपा प्रचार शोधणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे होय.

एखाद्या प्रसंगाच्या अर्थावर अजिबात एकमत होत नसेल, तर तो प्रसंग पुन्हा लावावा. एकदा आवाज बंद करून पाहावा, म्हणजे चेहरे आणि हालचाली काय सांगतात ते कळते. एकदा डोळे मिटून फक्त ऐकावा, म्हणजे पार्श्वसंगीत आपल्याला कोणत्या भावनेकडे ढकलत होते ते उघड होते. चित्र आणि संगीत वेगवेगळे काही सांगत असतील, तर दोघे भांडणारे बहुधा त्यांतल्या एकेकाच्या बाजूने बोलत असतात, आणि मग चर्चा त्या तफावतीपासून नव्याने सुरू करावी.