कीकॅडमध्ये सर्किटची आकृती काढणं आणि तपासणं

कीकॅड या सर्किट-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कीमॅटिक एडिटर (आकृती काढायची खिडकी) उघडलात की आधी ग्रिड, म्हणजे मागची आखलेली जाळी, ५० मिलवर (१.२७ मिमी) आहे ना, ते पाहा. कीकॅडसोबत येणाऱ्या चिन्हांच्या पिना याच ग्रिडवर बसतात. मध्येच ग्रिड बारीक करून एखादा घटक सरकवला, तर वायर पिनेला टेकलेली दिसते, पण जोडलेली नसते. पिनेच्या टोकावरचं बारीक वर्तुळ गेलं, तरच जोड झाला असं समजा.

घटक घेण्यासाठी ‘ए’, सप्लाय-ग्राउंडसाठी ‘पी’, वायरसाठी ‘डब्ल्यू’ ही कळ. नुसत्या एकमेकींवरून गेलेल्या वायरी जोडल्या जात नाहीत, तिथे ठिपका लागतो. लांबच्या जोडण्यांना वायरीऐवजी दोन्ही टोकांवर एकाच नावाचं लेबल द्या. साधं लेबल त्या पानापुरतंच चालतं, हे मात्र ध्यानात असू द्या. मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या पिनेवर ‘क्यू’ दाबून फुली मारा.

मग ‘इन्स्पेक्ट’ मेनूतून ‘इलेक्ट्रिकल रूल्स चेकर’ (जोडण्यांमधल्या चुका शोधणारी सोय) चालवा. यादीतल्या ओळीवर क्लिक केलं की आकृतीतली ती जागा समोर येते.

नवख्यांना हमखास छळणारी त्रुटी म्हणजे पॉवर इनपुट पिनेला कोणी वीज देत नसल्याची तक्रार. सर्किट बहुधा बरोबरच असतं. वीज कनेक्टरमधून येते, पण कनेक्टरच्या पिना ‘पॅसिव्ह’ प्रकारच्या असतात, त्यामुळे चेकरला स्रोत सापडत नाही. अशा वेळी सप्लाय आणि ग्राउंड, दोन्हींवर ‘पीडब्ल्यूआर_फ्लॅग’ (इथे वीज येते, असं चेकरला सांगणारं चिन्ह) लावा. वाटेत फ्यूज किंवा डायोड असेल तर त्याच्या पुढची लाइन वेगळी धरली जाते. तिथे पुन्हा फ्लॅग लागू शकतो. रेग्युलेटरची आउटपुट पिन आधीच ‘पॉवर आउटपुट’ असेल, तर तिथे फ्लॅग लावू नका, दोन स्रोत भिडल्याची नवी त्रुटी येईल. आणि फ्लॅग लावण्याआधी लाइन कनेक्टरपर्यंत खरंच पोचते का, ते डोळ्यांनी बघाच. तुटलेल्या लाइनवर फ्लॅग लावला तर ही तक्रार थांबते आणि दोष तसाच बोर्डावर जातो.

एखादी सूचना वगळायची असेल तर फक्त तेवढीच वगळा, अख्खा नियम बंद करू नका. एलईडी उलटा बसला किंवा रेझिस्टरची किंमत चुकली, तर चेकर काहीच बोलत नाही. ते डेटाशीट शेजारी ठेवून एकेक करून पडताळावं लागतं. सगळं दुरुस्त झाल्यावर चेकर पुन्हा चालवा आणि मगच ‘एफ८’ दाबून बदल बोर्डाकडे पाठवा.