इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करतोय? आधी ॲक्सिलरेटर सोडा

इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा नुसता पेटून राहिला आणि गाडी नेहमीसारखी चालत असली, तर दोन-चार दिवसांत गॅरेजला दाखवलं तरी चालतं. तोच दिवा उघडझाप करू लागला, की पेट्रोल गाडीत बहुधा एकच अर्थ निघतो: गाडी मिसिंग करतेय. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. गचके बसतात, पिकअप मरतो. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन तिथे जळतं आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळते. ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलपेक्षा कन्व्हर्टरचं बिल कित्येक पट मोठं.

म्हणून पाय उचला, एसी बंद करा, गाडी कडेला घ्या. वाळलेल्या गवतावर मात्र उभी करू नका, कन्व्हर्टर तापलेला असतो. चढावर लुकलुकणारा दिवा सपाटीला आल्यावर स्थिर झाला, तर सावकाश जवळचं गॅरेज गाठा. दुखणं गेलेलं नाही, इंजिनवरचा भार फक्त कमी झालाय. उभ्या गाडीतही उघडझाप थांबत नसेल तर इंजिन बंद करून टोचन बोलवा. सीएनजीवर असाल तर आधी पेट्रोलवर टाकून बघा. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे झिजलेले स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारे) गॅसवर आधी दगा देतात.

स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड दिसतो. पी0302 म्हणजे दुसरा सिलिंडर, पी0303 म्हणजे तिसरा. पी0300 आला तर मिसिंग कुठल्या एका सिलिंडरला बांधलेलं नाही. समजा पी0302 आलाय आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन गार होऊ द्या, इग्निशन बंद करा, कनेक्टरचं लॉक दाबून तो काढा, बोल्ट (बहुतेक 10 नंबरचा) खोला आणि कॉइल सरळ वर ओढा. खाली प्लगच्या खड्ड्यात डोकवा. पाणी असेल तर इंजिन धुतल्याचा प्रताप, हवा मारून वाळवा. ऑइल असेल तर वरच्या कव्हरचं सील गेलंय. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, थोडी गाडी फिरवा. आता पी0303 आला तर कॉइल खराब. पी0302 च राहिला तर प्लग तपासा, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). चालू इंजिनवर एकेक कॉइल उपटून बघण्याची जुनी सवय सोडलेली बरी, तेवढा वेळ कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्येच जातं.

बाकीच्या उघडझापी सोप्या. इंडिकेटर एका बाजूला भराभर टिकटिकतोय? त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब उडालाय, नाहीतर कोणीतरी कमी वॅटचा एलईडी बसवलाय. टायरचा दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल तर बिघाड हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या यंत्रणेत आहे. तरी हवा एकदा गेजने तपासाच, कारण अशा वेळी टायर बसला तरी दिवा सांगणार नाही.