शेतातलं भरीत: वीस माणसांचा हिशेब, जाळापासून बडगीपर्यंत

दिवाळी आटोपली आणि सकाळी बांधावरच्या गवतावर दव दिसायला लागलं की खानदेशात भरताचे दिवस सुरू होतात. ते थेट फेब्रुवारीपर्यंत चालतात. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांत त्या दिवशी ताटात पहिलं वांगं येतं. त्यानंतर शेताशेतांतून धूर दिसायला लागतो. ज्वारी, कापूस, तूर उभी असते, कामाला हातभार लावणारी माणसं, पाहुणे, शेजारी सगळ्यांना शेतावर बोलावलं जातं, आणि जेवण ठरलेलं असतं: भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर, पुरी.

कृती साधी आहे, पण वीस माणसांचं भरीत हे घरच्या एका वांग्याच्या भरताची वीसपट नव्हे. भरीत बिघडतं ते जवळजवळ नेहमी जाळावर बिघडतं, आणि तिथे बिघडलेलं फोडणीत सुधारत नाही. म्हणून इथे जास्त शब्द जाळावरच खर्च केले आहेत.

वांगी

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातलं बामणोद, जळगावजवळचं आसोदा ही त्यासाठी नावाजलेली गावं. फळ मोठं, फिकट हिरवं, त्यावर पांढुरक्या रेषा, बी कमी. जांभळ्या वांग्याचंही भरीत होतं, पण त्याचा गर शिजल्यावर काळपट पडतो आणि खानदेशी भरताचा हिरवट रंग येत नाही.

बाजारात वांगं हातात घेऊन पाहावं. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बी कमी. जड लागलं तर आत बी धरलेलं असण्याची शक्यता जास्त. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा लगेच भरून यावा. देठ हिरवा हवा. टाचणीएवढं भोक दिसलं तर ते वांगं ठेवून द्यावं, आत अळी असते. सगळी वांगी शक्यतो एकाच मापाची, ३०० ते ५०० ग्रॅमची घ्यावीत. लहान-मोठी मिसळली की लहान जळतात तेव्हा मोठी कच्ची असतात.

माणशी ४०० ग्रॅम कच्चं वांगं धरलं की वीस जणांना ८ किलो. भाजून, सोलून, पाणी निथळून साधारण ५ किलो गर हाती लागतो. त्याला हिरवी मिरची ४०० ग्रॅम, सोललेला लसूण २५० ग्रॅम, शेंगदाणे ५०० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे काप २५० ग्रॅम, कांद्याची पात दीड किलो, कोथिंबिरीच्या तीन जुड्या, जिरं ५० ग्रॅम, शेंगदाण्याचं तेल पाऊण लिटर. मीठ एकूण ७५ ग्रॅमच्या आसपास, पण आधी ५० च घालावं आणि उरलेलं चव बघून. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो नाही. टोमॅटोची आंबट चव धुराच्या चवीवर बसते आणि मग जाळावर घेतलेल्या मेहनतीला अर्थ उरत नाही.

जाळ

वांगी भाजायला पऱ्हाटी (कापसाच्या वाळलेल्या काड्या) किंवा तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या). नोव्हेंबर-डिसेंबरात नवी पऱ्हाटी अजून शेतात उभी असते, म्हणून गेल्या हंगामाची रचून ठेवलेली, खणखणीत वाळलेली घ्यावी. मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे. ओली किंवा बुरशी धरलेली पऱ्हाटी धुमसते आणि तिचा धूर गराला कडवटपणा देतो. रॉकेल, प्लास्टिक, टायरचा तुकडा पेटवायला अजिबात वापरू नये. वास वांग्यात शिरतो. वाळलेलं गवत पुरेसं आहे.

जागा निवडताना वारा बघावा. पऱ्हाटीच्या ठिणग्या लांब उडतात, म्हणून वेचलेला कापूस, कडब्याची गंजी आणि उभं वाळलेलं पीक यांच्यापासून दूर, नांगरलेल्या उघड्या जमिनीवर जाळ करावा. पाण्याच्या दोन बादल्या आधी भरून ठेवाव्यात, मग काडी ओढावी.

प्रत्येक वांग्याला सुरीने चार-पाच ठिकाणी टोचून घ्यावं, नाहीतर आतली वाफ कोंडून ते फुटतं आणि गर राखेत जातो. देठ काढू नये. उलटायला आणि पुढे सोलायला तोच धरायचा असतो. जमिनीवर पऱ्हाटीचा वीतभर थर, त्यावर वांगी एकमेकांना न चिकटता एका ओळीत, वरून पुन्हा हलका थर, आणि मग वाऱ्याच्या बाजूने पेटवायचं. पहिला भडका साल काळी करतो. त्याला घाबरू नये, पण त्यावर थांबूही नये. भडका बसला की लांब काठीने वांगी उलटायची आणि कडेने थोडी थोडी पऱ्हाटी सारत राहायची. एकदम मोठा भारा टाकला की साल कोळसा होते आणि आत गर कच्चा राहतो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ४०० ग्रॅमच्या वांग्याला असे वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

झालं की नाही हे पोटाला दाबून कळत नाही, कारण पोट आधी मऊ होतं. देठाजवळ काडी टोचून बघावी. ती लोण्यात गेल्यासारखी गेली आणि टोकाला पाणी सुटलं तर वांगं झालं. शंका असेल तर एक फोडून पाहावं: शिजलेला गर हिरवट-पिवळसर आणि पारदर्शक दिसतो, कच्चा पांढरा आणि स्पंजासारखा. कच्चा भाग तुरट लागतो आणि ठेचला तरी गोळ्या राहतात.

शेवटची वांगी होत आली की त्याच निखाऱ्याच्या कडेला मिरच्या जाळीवर टाकून डाग पडेपर्यंत भाजून घ्याव्यात.

सोलणं आणि बडगी

उतरवलेली वांगी पातेल्यात घालून दहा मिनिटं झाकून ठेवावीत. वाफेने साल सुटते. मग देठ धरून वरून खाली साल ओढायची. बोटं भाजतात म्हणून शेजारी पाण्याची वाटी ठेवून हात ओला करावा, पण वांगं पाण्यात बुडवून धुऊ नये. धुराची चव पाण्याबरोबर निघून जाते. सालीचे चार काळे ठिपके राहिले तर राहू द्यावेत. सोललेली वांगी तिरक्या ठेवलेल्या चाळणीत दहा मिनिटं निथळावीत. हे पाणी काढलं नाही तर भरीत पुढे तेलात परतलं न जाता पाण्यात उकडतं.

ठेचायला बडगी, म्हणजे खोलगट लाकडी भांडं. आधी मिरची, लसूण आणि ५० ग्रॅम मीठ बडगीत ठेचायचं, मग त्यावर गर, एका वेळी दोन-तीन किलो. मिरची आधी का, तर मऊ गरात ती नंतर ठेचली जात नाही, घसरते. वांग्याचे रेषे लांब राहिले पाहिजेत. बोटांत उचलल्यावर गर धाग्यांसारखा लोंबावा. मिक्सरमध्ये रेषे तुटून चिकट लगदा होतो, म्हणून बडगी नसेल तर लाकडी परातीत मुसळाने ठेचावं, मिक्सर नको.

फोडणी

मोठ्या कढईत तेल तापवून आधी शेंगदाणे. ते लालसर होत आले की खोबऱ्याचे काप, आणि लगेच जिरं. हा क्रम उलटला तर खोबरं करपतं आणि दाणे कच्चे राहतात. मग पातीचा पांढरा भाग दोन मिनिटं, हिरवा भाग जेमतेम एक मिनिट. त्यावर ठेचलेलं वांगं घालून मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं, कडेला तेल दिसेपर्यंत परतायचं. झाकण ठेवू नये, हिरवा रंग मरतो. कोथिंबीर खाली उतरवल्यावर. काही घरांत फोडणी न देता, बडगीतल्या भरतावर कच्चं तेल आणि चिरलेली पात घालून वाढतात. भाजणं उत्तम जमलं असेल त्या दिवशी तेच करावं, धूर त्यातच नीट कळतो.

कळण्याची भाकर

ज्वारी २ किलो, सालीसकट काळे उडीद ५०० ग्रॅम, मेथीदाणे एक चमचा आणि खडे मीठ ३० ग्रॅम एकत्र दळून आणावं. दळण फार बारीक नको. यात साधारण वीस भाकरी होतात. उडीद याहून वाढवले की भाकर गार झाल्यावर चामट होते. कोमट पाण्याने मळून, हातावर किंवा परातीत थापून तव्यावर टाकायची, वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवायची. पाणी पूर्ण सुकलं तर भाकरीला भेगा पडतात. पऱ्हाटीचा निखारा लगेच राख होतो, म्हणून भाकरीच्या चुलीला बाभळीचं लाकूड वेगळं ठेवावं. पुऱ्या करायच्या तर दीड किलो कणीक घट्ट मळून ठेवावी आणि भरीत कढईत पडलं की तळायला घ्यावी, त्याआधी नाही.

वेळेचं गणित असं: रात्री आठला जेवायचं तर साडेपाचला जाळ पेटला पाहिजे. दोघं जाळापाशी, चौघं सोलायला, एक जण बडगीवर, दोघी-तिघी भाकरीला. पात निवडणं आणि लसूण सोलणं दुपारीच उरकावं. अंधारात पातीतली माती दिसत नाही.

जेवणं झाली की वांग्याच्या जाळाची राख विझवायची घाई करू नये. तिच्यात ओल्या भुईमुगाच्या शेंगा पुरून पंधरा मिनिटं ठेवल्या तर टरफल काळं होतं आणि दाणा आत वाफेवर शिजतो. थंडीत माणसं आपोआप भोवती सरकतात आणि गप्पा लांबतात. निघताना मात्र राखेवर पाणी ओतून काठीने उकरून पाहावं, आणि पुन्हा ओतावं. वरून विझलेली राख खाली तासन्‌तास धगधगत असते.