नागपुरात बसून लांबच्या गॅलेक्सी कशा शोधायच्या (टेलिस्कोप नको)

राजेहो, बर्डीच्या लायटिंगमधून आकाशगंगेचा पट्टा काही दिसत नाही, आणि पेंचला गेलं (2024 पासून डार्क स्काय पार्क आहे, जा नक्की) तरी डोळ्याची धाव सहाव्या मॅग्निट्यूडपर्यंतच (मॅग्निट्यूड म्हणजे तेजाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढी वस्तू अंधुक), आणि आपल्याला हव्यात 25 च्या पुढच्या. म्हणून सरळ हबल अल्ट्रा डीप फील्डचा, म्हणजे हबल अवकाश दुर्बिणीच्या एका खोल फोटोचा, डेटा घ्या, 2003-04 मध्ये काढलेला, आकाशाच्या एवढ्याशा तुकड्यात जवळपास 10,000 गॅलेक्सी, मास्ट या अवकाश दुर्बिणींच्या डेटाच्या ऑनलाइन अर्काइव्हवर फुकट मिळतो.

चार फिल्टरच्या फाइल्स आहेत, बी, व्ही, आय, झेड, निळ्यापासून लालच्या पलीकडे या क्रमाने. चारही उतरवा, पण पूर्ण फोटो साध्या लॅपटॉपला झेपत नाही, त्यात मे महिना असला तर कूलरसमोर बसवूनही तो तापतो, तर चारहीतून एकच तुकडा कापून घ्या.

आयडिया अशी की लांबच्या गॅलेक्सीचा 91.2 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश हायड्रोजन गिळून टाकतो, आणि रेडशिफ्ट (विश्व पसरल्याने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली त्याचं माप) 4 असला की ही सीमा पाचपट ताणून 456 वर, म्हणजे बीच्या पट्ट्यात, येते, वाटेतला हायड्रोजन त्याच्या पुढचाही बराच प्रकाश खातो. म्हणजे बी मध्ये गॅलेक्सी गायब, व्ही मध्ये हजर. रंगीत फोटो बनवत बसू नका, दिसायला भारी पण कामाचा नाही, आपल्याला आकडे पाहिजेत.

आता सोर्स एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे फोटोतल्या वस्तू शोधून त्यांचं तेज मोजणारं सॉफ्टवेअर. ड्युअल मोडमध्येच चालवा, कमांडमध्ये आधी झेडची फाइल, कॉमा, मग ज्या फिल्टरचं माप हवं त्याची, म्हणजे गॅलेक्सी झेडमध्ये शोधल्या जातात आणि चारही फिल्टरमध्ये त्याच जागी त्याच आकारात मोजल्या जातात, नाहीतर रंगाला (दोन फिल्टरच्या मॅग्निट्यूडमधल्या फरकाला) काही अर्थच नाही. झिरो पॉइंट (मोजलेल्या प्रकाशाचं मॅग्निट्यूड करायला लागणारा आकडा) प्रत्येक फिल्टरचा वेगळा टाका.

तयार झालेलं टेबल टॉपकॅट या टेबल बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की बीच्या कॉलममध्ये मधूनमधून 99 दिसेल. बरेच जण खराब डेटा म्हणून ती ओळच उडवतात, अहो तेच तर आपलं गिऱ्हाईक! 99 म्हणजे तिथे प्रकाश मोजण्याइतका मिळालाच नाही. फक्त 99 तसाच ठेवून वजाबाकी करू नका, त्याजागी बीची एक सिग्मा लिमिट, म्हणजे नॉइजच्या पातळीएवढ्या प्रकाशाचं मॅग्निट्यूड, टाका.

मग तीन अटी: बी वजा व्ही 1.1 पेक्षा जास्त, व्ही वजा झेड 1.6 पेक्षा कमी, आणि बी वजा व्ही हे व्ही वजा झेडपेक्षा किमान 1.1 ने मोठं. दुसऱ्या-तिसऱ्या अटीमुळे जवळच्या म्हाताऱ्या लाल गॅलेक्सी बऱ्याच गळतात.

उरलेल्या प्रत्येकीचे चारही फिल्टरचे तुकडे शेजारी लावून डोळ्याने बघा, हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका भाऊ. फोटोच्या काठावरचा नॉइज, मोठ्या ताऱ्याच्या किरणांवरचे ठिपके काढून टाका, एकदम टोकदार ठिपका असेल तर तो आपल्याच आकाशगंगेतला थंड लाल तारा असू शकतो. कॅटलॉगमध्ये उरलेल्यांपुढे ‘उमेदवार’ एवढंच लिहा, स्पेक्ट्रम मिळेपर्यंत रेडशिफ्ट पक्का धरत नाहीत.