लाल टोपीची सिरिंज

बॉन्डवर (सरकारी सेवेच्या सक्तीवर) आलेली डॉक्टर पोरं विचारतात, सर पेशंट सेफ्टीत, म्हणजे उपचारातल्या चुका टाळायच्या कामात, करिअर करायचं तर कोणता कोर्स करू? कोर्सचं सांगतो, आधी माझी चूक ऐका.

एमडी मेडिसिन करून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलला नुकताच लागलो होतो. शुगरवाल्या एका आजोबांचा मुलगा नागपूरहून इन्सुलिनची बाटली घेऊन आला, मी फाइलवर नुसतं २० युनिट लिहिलं आणि पुढच्या बेडकडे गेलो. बाटली १०० वाली, म्हणजे एका एमएलमध्ये १०० युनिट, आणि आमच्या वॉर्डात सगळ्या सिरिंजा लाल टोपीच्या, ४० वाल्या, म्हणजे एका एमएलला ४० रेघा. सिस्टरने २० च्या रेघेपर्यंत अगदी बरोबर भरलं, म्हणजे अर्धा एमएल, आणि आजोबांना गेले ५० युनिट! रात्री घामाने ओलेचिंब, शुगर ३८. डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) लावलं, वाचले. आणि मी काय केलं, तर सगळ्यांसमोर सिस्टरवर ओरडलो.

दोन दिवसांनी चहा पिताना ती म्हणाली, "सर, बाटली येगळी दिसत होती मले, पन तुमाले इचारू कसं?"

तिथून मी या कामात पडलो.

डब्ल्यूएचओची ऑपरेशनची चेकलिस्ट २००८ ची, १९ मुद्द्यांची. ती करणाऱ्या टीमचे प्रमुख अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे, त्यांच्या वडिलांचं गाव आमच्याच उमरखेडकडचं उटी (हे सांगितल्याशिवाय आमच्याकडे कोणाचं भाषण संपत नाही). दिल्ली धरून ८ शहरांतल्या हॉस्पिटलांत वापरून पाहिली तर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. मला त्यातला आवडलेला मुद्दा एकच, चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडलं की माणूस पुढेही बोलतो. आम्ही तेच राऊंडला आणलं, वॉर्डातल्या मामा-मावशींसकट.

आता कोर्स. सरकारीत असाल तर एनक्यूएएसच्या (सरकारी दवाखान्यांच्या दर्जाचे राष्ट्रीय निकष) इंटरनल असेसरचं, म्हणजे आपल्याच दवाखान्याची तपासणी करायचं, ट्रेनिंग मागून घ्या, खासगीत एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारं बोर्ड). वेगळी पोस्ट, वेगळा पगार वगैरे खेड्यात विसरा, ओपीडी उरकून मगच हे. पण आधी महिनाभर नाइटच्या सिस्टरजवळ बसा, आणि "कोणी केलं" असं चुकूनही विचारू नका, "ही सिरिंज इथे आली कशी" असं विचारा.

आता १०० वाली बाटली आली की तिला केशरी टोपीची, १०० वाली सिरिंज रबरबँडने बांधूनच फ्रीजमध्ये जाते. आयडिया सिस्टरची. चुकांच्या रजिस्टरमध्ये पहिली नोंद माझी आहे, अक्षर वाईट आहे पण वाचता येतं.